मदत हवी आहे: जुन्या खडीच्या खाणीवर काजू येतील का?

मंडळी नमस्कार, आमची गोव्यात सत्तरी तालुक्यात दीड एकर जागा आहे, मामाने पूर्वी ती खडी-मुरूम काढायला दिलेली, आता काम बंद झालंय आणि वरची माती तर कधीच गेली, खाली नुसता लाल मुरूम आणि मध्ये पुरुषभर खोल खड्डा. टिपर फिरून फिरून जमीन एवढी दबलीय की पिकाव मारला तर ठिणगी उडते! पावसात पाणी जिरतच नाही, खड्ड्यात साचतं, उतारावर घळी पडतात आणि डिसेंबरात सगळं खडखडीत. माती तपासली, पीएच ५.२ म्हणजे आम्लधर्मी, सेंद्रिय कर्ब नावालाच.

माझा विचार असा, आधी दबलेला थर फोडायचा, उतारावर आडवे चर आणि कडेने वाळ्याचं गवत, मग पहिल्या पावसाला हिरवळीचं खत म्हणून ताग नाहीतर धैंचा पेरून फुलायच्या आत गाडायचा. आकेशियाची झाडं नकोत, ती मायनिंगच्या डंपावर बघून बघून कंटाळा आलाय.

कोणी असं केलंय का? चुना आधी की शेणखत आधी? आणि काजूला खड्डा केवढा घ्यायचा, दोन फुटी पुरेल की तीन फुटी? जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्रात जाणारच आहे, पण स्वतः हात घातलेल्या माणसाचं ऐकायचंय. आणि खाणीचा तो खोल खड्डा बुजवू की तळी म्हणून ठेवू, मामा म्हणतो बुजव, मला ठेवावासा वाटतो.