गोळी सुटली म्हणे, तेलाने!

नाना_पेठकर
काल इथे एकांनी लिहिलंय की 14 दिवस अभ्यंग आणि शिरोधारा घेतली, बीपी 160/100 वरनं 128/82 वर आलं आणि "टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) कायमची सुटली". खाली हात जोडलेल्यांची रांग. मी गप्प बसणार होतो, पण दोघांनी पत्ता मागितला म्हणून लिहितोय.

माझ्या वडिलांनी हेच केलं. वय 68, बीपीच्या दोन गोळ्या, अम्लोडिपिन आणि अटेनोलॉल, बारा वर्षं. एका सेंटरचं (नाव घेत नाही) सात दिवसांचं पॅकेज. रोज तेल, मग लाकडी पेटीत मुंडकं बाहेर ठेवून वाफ, मग लगेच बीपी. तासभर डोळे मिटून पडलेल्या माणसाचं बीपी कमी येणारच की! चौथ्या दिवशी तिथली मुलगी म्हणाली, काका आता गोळ्यांची गरज नाही. अम्लो अंगात काही दिवस रेंगाळते, त्यामुळे सातव्या दिवसापर्यंत आकडे झकास. नवव्या दिवशी सकाळी हातातनं कप सुटला. "बशी" म्हणायचं होतं त्यांना, नुसतं "शब, शब" करत होते. कॅज्युअल्टीत 210/118. संध्याकाळपर्यंत बोलणं परत आलं, नशीब.

तेलाशी माझं भांडण नाही. त्या "कायमची" शब्दाशी आहे.

ओसरीवरची
ते "एक जण" म्हणजे मी, समोर आहे, नाव घेऊन बोला. बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण त्याचं खापर माझ्यावर कशाला? मी वही ठेवलीय, रोजचं रीडिंग. आणि गोळीवाल्यांचं पण सांगते ना. तीन मिनिटांत चिठ्ठी, मान वर न करता. वैद्यांनी पाऊण तास बसवून झोप कशी, पोट कसं, सासरी कोण कोण, सगळं विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर झोपले मी. कपाळावर ती धार पडायला लागली ना की डोक्यातला पंखाच बंद होतो. ज्यांनी घेतली नाही त्यांनी बोलू नये.

शेंगदाणा
त्या 14 दिवसांत खाणंपिणं काय होतं?

ओसरीवरची
मुगाची खिचडी, भाकरी, दुधी. लोणचं-पापड बंद, चहा बंद, दहाला झोप, मोबाईल काउंटरवर जमा. का?

शेंगदाणा
काही नाही. नुसता मोबाईल जमा करायचे किती घेतात तेवढं विचारा.

वैद्या_बाई
बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे, वीस वर्षं प्रॅक्टिस, त्यामुळे दोन्हीकडनं मार खायची सवय आहे. नाना, तुमच्या वडिलांची गोळी बंद करायला सांगणारी मुलगी वैद्य नव्हती, थेरपिस्ट होती, आणि अटेनोलॉल असं एकदम तोडतच नाहीत. वरचं बीपी 180 च्या पुढे असेल तर मी पेशंटला टेबलवरच घेत नाही, आणि गोळी चालू असताना पेटीतली वाफ तर नकोच, शिरा सैल पडतात आणि उठताना माणूस कोसळतो. पण म्हणून सरसकट "तेलवाले" म्हणून हिणवू नका. कफ वाढलेल्याला आणि अजीर्णवाल्याला अभ्यंग करू नये हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटांनी लिहून ठेवलंय, सेंटरवाले विचारतात का कुणाला? आणि बीपीवर सर्पगंधा ही मुळी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश जर्नलात छापली, तेव्हा कुठे जगाला जाग आली. ते विसरायचं आणि आम्हाला पुरावा मागायचा!

नाना_पेठकर
बाई, ती मुळी पोटात घ्यायची. अंगाला चोळायची नाही. आणि तिच्यातल्या रेसर्पिनने माणसं उदास व्हायची म्हणून ती मागे पडली, हेही सांगा की.

वैद्या_बाई
रेसर्पिन वेगळं काढलंत तुम्ही लोकांनी. आम्ही अख्खी मुळी देतो. असो, या वादाला अंत नाही.

चहाबाज
एवढं कशाला, काशाच्या वाटीने तळपाय घासा, मशीनवर वीस मिनिटं. माझे पाय काळेकुट्ट झाले. सगळी उष्णता निघाली. दुसऱ्या दिवशी बीपी 120.

कोल्हापुरी_ठसका
आली का वाटी! अरे काळं होतं ते काशातलं तांबं आहे, तूप-घाम लागला की काळवंडतं.

चहाबाज
मग माझा एक पाय जास्त काळा का झाला? त्याच बाजूची टाच दुखते माझी.

कोल्हापुरी_ठसका
कारण त्या पायावर जोर जास्त दिलास. मी करून बघितलंय. आईच्या लाकडी पोळपाटाला तूप लावलं आणि दहा मिनिटं वाटी घासली. तुझ्या पायासारखाच काळा. पोळपाटाला कसली उष्णता झाली होती सांग?

चहाबाज
लाकूड आणि माणूस एक झालं होय? आमची आजी पंचवीस वर्षं वाटी लावायची.

कोल्हापुरी_ठसका
मग आजीला विचार, बीपी मोजायची का. आमच्या तालमीत पैलवान एकमेकांना रगडतात, तासभर, राईचं तेल, त्यातल्या एका वस्तादांना पन्नाशीत अटॅक आला. मालीश करून बीपी जात असतं तर कोल्हापुरात एकपण पेशंट दिसला नसता.

ओसरीवरची
पैलवान आणि तांबडा रस्सा दोन्ही एका वाक्यात धरा मग. तुमचा विषय फाटे फोडणे.

शेंगदाणा
वाटी माणसं किती रुपयांना लावतात हल्ली?

चहाबाज
घरची घेतलीय मी. तूप मात्र देशी गायीचं पाहिजे, डालडा चालत नाही.

नाना_पेठकर
अहो, स्ट्रोकबद्दल लिहिलं होतं मी!! वाटीवर वीस प्रतिक्रिया आणि माझ्या बाबांवर एक.

वैद्या_बाई
नाना, रागावू नका. ओसरीवरची, एक विचारते. रीडिंग सेंटरवर, तेलानंतर घेतलेली आहेत ना? तसं चालत नाही. सकाळी उठून, चहाआधी, पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंडाला पट्टा. दोनदा. सात दिवस. मग बोलू.

ओसरीवरची
आहेत तेलानंतरचीच. बघते.

*(सात दिवसांनी)*

ओसरीवरची
घ्या. चहाआधी, दंडाला पट्टा, सात दिवस. सगळ्यात कमी 146/92, सगळ्यात जास्त 158/98. झालं समाधान? डॉक्टर बदलले, नवीन बाईंनी निदान नाव विचारलं. टेल्मि अर्ध्या डोसवर पुन्हा सुरू. पोस्टमधलं "कायमची" खोडलंय. शिरोधारा मात्र सोडणार नाही, झोप तिनेच परत आणलीय, आणि ती तुमच्या वहीत मावत नाही.

नाना_पेठकर
झोप ठेवा. गोळी पण ठेवा. धन्यवाद, मनापासून, यात टोमणा नाही.

ओसरीवरची
तुमच्याकडनं टोमणा नाही म्हणजे मीच आता बीपी मोजते.

चहाबाज
कोणी वाटीवर काही बोलणार आहे का?

शेंगदाणा
ठसका, तो पोळपाट साफ कशाने केला?

कोल्हापुरी_ठसका
नाही झाला. आईने नवीन आणायला लावला, तो पण सागाचा.