इथेनॉलने तेल वाचतंय, पण पाण्याचं काय?

माणदेशी: आपलं ८५ टक्क्यांच्या वर क्रूड बाहेरून येतं, पर्याय शोधायलाच पाहिजे, मान्य. पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं टार्गेट आधी २०३० चं होतं, ते आधीच्या वर्षांत ओढून २०२५ मध्ये गाठलंसुद्धा, आणि नीती आयोगाच्याच रिपोर्टमध्ये आहे की उसापासून १ लिटर इथेनॉल करायला साधारण २८६० लिटर पाणी लागतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, विसरलो का आपण?

ऊसकरी: भाऊ, पाणी ऊस पितो आणि ऊस आम्ही इथेनॉलच्या आधीपासून लावतोय. साखरेचा भाव पडला की उसाची बिलं थकायची, १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायचा नियम नुसता कागदावर, आमच्या कारखान्याने तर एकदा पुढचा हंगाम आला तरी पैसे दिले नव्हते, पोरीचं लग्न पुढं ढकललं मी. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा आला. आणि डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन घातलं, कर्ज काढून डिस्टिलरी (इथेनॉल बनवायचा प्रकल्प) उभारलेल्यांनी काय करायचं?

दुचाकीवाला: माझी गाडी जुनी, ऍव्हरेज कमी झालंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, मग पंपावर दर तोच का? ग्राहकाला कोणी विचारलं नाही.

माणदेशी: @ऊसकरी बिलाचं दुखणं खरंय. पण आता मकाही डिस्टिलरीत जातोय, कोंबडीवाल्यांना महाग पडतोय, २०२४ ला तर आपण मका आयात केला. म्हणजे तेलाऐवजी मका बाहेरून आणायचा. सोलर पॅनल उन्हातली २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पकडतं, ऊस १-२ टक्के पण नाही. माझ्या चुलत्याकडे सौरपंप बसल्यापासून रात्री बिबट्याच्या भीतीत पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणं बंद झालं. सरकारचा पैसा तिकडं जाऊ दे, आणि गाड्या विजेवर चालू देत.

ऊसकरी: सौरपंप मलापण पाहिजे, अर्ज करून बसलोय. पण ट्रॅक्टर, ट्रक उद्या विजेवर येणार नाहीत. आणि तुरीला, सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो पण खरेदी केंद्रावर बारदान (पोती) नसतं, माल व्यापाऱ्याला पडत्या भावाने द्यावा लागतो. उसाला निदान गाळपाची खात्री आहे. तूर तशी खात्रीने घ्या, दोन एकर ऊस मी याच साली मोडतो.