औषधांच्या कच्च्या मालाचा राखीव साठा कायद्याने सक्तीचा असावा का?

धरमपेठकर (धागाकर्ता)
सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोची वीज घालवली आणि तिथे तयार होणाऱ्या सलाइनच्या छोट्या पिशव्यांचा तुटवडा अमेरिकेतील रुग्णालये कित्येक महिने सोसत राहिली. आपण औषधांचे मूळ घटक जेवढे आयात करतो, त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश चीनमधून येतात. मार्च २०२० मध्ये पॅरासिटामॉलसह २६ घटक व औषधांच्या निर्यातीवर सरकारला निर्बंध घालावे लागले, ते याच धास्तीने. म्हणून सरकार जसा धान्याचा साठा राखते, तसा अत्यावश्यक औषधांच्या घटकांचा निदान तीन महिन्यांचा साठा उत्पादकांवर सक्तीचा करावा. समुद्रापासून दूर, भूकंपाचा धोका कमी आणि देशाच्या मध्यावर असलेले आपले नागपूर गोदामांसाठी योग्य आहे.

बुटीबोरीकर
हेतू मान्य, उपाय अमान्य. अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत सरकार ठरवते. तीन महिन्यांच्या मालात अडकलेले भांडवल, त्यावरचे व्याज आणि मुदत संपून वाया जाणारा माल यांचा भार लहान उत्पादकाला किमतीत घालता येणार नसेल, तर तो ते औषध बनवणेच सोडून देईल आणि ज्या तुटवड्यासाठी कायदा केला, तो कायद्यामुळेच ओढवेल. शिवाय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरले, हे विसरून नागपूरला सुरक्षित कसे म्हणावे?

खरा उपाय दुसऱ्या पुरवठादाराचा आहे. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील अल्बुकर्क येथील फिलिप्सच्या चिप कारखान्याला आग लागली, तेव्हा तिथल्या चिप घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने तातडीने इतर कारखान्यांकडून माल मिळवला; एरिक्सनकडे पर्याय नव्हता आणि तिचे मोबाइल उत्पादन कोलमडले.

धरमपेठकर
किमतीचा आक्षेप रास्त आहे. साठ्याचा खर्च सरकारनेच उचलावा, ही दुरुस्ती मी माझ्या सूचनेत करतो. परंतु दोन्ही पुरवठादार एकाच ठिकाणचा माल घेत असतील, तर दुसरा असून उपयोग काय? २०११ च्या भूकंपात जपानमधील रेनेसास या चिप कंपनीचा ‘नाका’ नावाच्या ठिकाणचा कारखाना बंद पडला, तेव्हा आपले निरनिराळे पुरवठादार अखेर त्याच्याच चिपवर अवलंबून आहेत, हे अनेक मोटार कंपन्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांना काही महिन्यांचा चिपसाठा ठेवायला लावला आणि २०२१ च्या आरंभी चिपच्या तुटवड्याने इतरांचे उत्पादन थांबत असताना ती बरीच तग धरून राहिली.

महालकर
त्याच टोयोटाला सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले. साठ्याने फक्त अवधी मिळतो.

आणि वाहतुकीबद्दल दोघेही बोलत नाही, याचे मला वाईट वाटते. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, पूर्वेकडील पोलाद कारखान्यांत ऑक्सिजन होता. तो अतिथंड द्रवरूपात आणणारे क्रायोजेनिक टँकर अपुरे होते. रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला नेऊन भरून आणावे लागले, तेव्हा २३ एप्रिलला त्यांपैकी तीन नागपुरात उतरले. त्या दिवसांत खाटेसाठी वणवण केलेल्या या शहराने तरी गोदामाआधी टँकर मागावेत.

बुटीबोरीकर
टँकरचा मुद्दा मला पूर्ण पटतो. साठा मात्र सरकारच्या मालकीचा आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतील उत्पादकांच्या गोदामांत विभागलेला असावा. जुना माल आधी वापरात जाऊन त्याची जागा नव्याने घ्यावी. सक्तीला माझा विरोध कायम आहे.