मदत हवी आहे: स्की ओढताना बोटीचं इंजिन मध्येच बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप ठीक होतं

नमस्कार मंडळी,

शिवोलीहून लिहितोय. आमच्याकडे वॉटर स्कीची जुनी इनबोर्ड (इंजिन आत बसवलेली) बोट आहे. इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, पेट्रोल, कार्ब्युरेटरवालं, इलेक्ट्रिक फ्युएल पंप. गोव्यात वॉटर स्पोर्ट्सवाल्यांकडे बहुतेक आउटबोर्डच (इंजिन बाहेर मागे टांगलेल्या) असतात, त्यामुळे या इंजिनाची नस ओळखणारा माणूस सहज सापडत नाही.

तक्रार अशी. पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली जमिनीवर होती, चवथ झाल्यावर पाण्यात उतरवली. धक्क्याला बांधून न्यूट्रलमध्ये कितीही वेळ चालवा, आवाज एकसारखा. पण स्कीवाल्याला ओढताना ३००० आरपीएमच्या वर गेलो की १५-२० मिनिटं झकास चालतं आणि मग इंजिन एकदम मलूल होतं, दोन-चार गचके खातं आणि बंद. लगेच स्टार्टर मारला तर नुसतं फिरतं, पकडत नाही. ५-१० मिनिटं गप्प बसलं की पहिल्या फटक्यात चालू, जणू काही झालंच नाही.

काळजी इंजिनापेक्षा माणसांची जास्त आहे. आम्ही सकाळी वारा सुटायच्या आधी चापोरा नदीत, शिवोली-चोपडे पुलाच्या वरच्या बाजूला स्की करतो. गावातली मुलं शिकायला येतात. बोट बंद पडली की मुलगा दोरीच्या टोकाला पाण्यात, आणि ओहोटी असेल तर बोट पुलाच्या खांबांकडे सरकायला लागते. त्यात होड्यांची ये-जा. नांगर हाताशी असतो, तरी जीव टांगणीला लागतो. कारण सापडेपर्यंत मुलांना पाण्यात उतरवणं बंद केलं आहे.

आतापर्यंत प्लग, डिस्ट्रिब्युटरचं कॅप आणि रोटर, पाणी वेगळं करणारा फ्युएल फिल्टर आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बदलून झालं. तापमानाचा काटा जागचा हलत नाही, ऑइल प्रेशरही ठीक दिसतं. जुन्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवलं, तर तळाला पाण्याचा पातळ थर बसला. नव्या फिल्टरमध्ये तसं काही नाही.

मेकॅनिकचं म्हणणं, कॉइल (प्लगच्या ठिणगीला वीज पुरवते ती) गरम होऊन दगा देते, थंड झाली की चालते. पटण्यासारखं आहे. पण दुसरा म्हणतो कार्ब्युरेटरच बदला. या इंजिनाचे पार्ट बाहेरून मागवायचे म्हणजे वेळही जातो आणि पैसाही, म्हणून अंदाजाने एकेक बदलत बसायचं नाही. बंद पडल्यावर जी ५ मिनिटं मिळतात त्यात पेट्रोल तुटतंय की ठिणगी, हे नक्की कसं ओळखायचं? आणि निदान कॉइल तरी गाडीची चालेल का?

प्रतिसाद, मालवणहून:

दादा, नमस्कार. मुलांना थांबवलंत ते उत्तम केलंत.

आधी एक फुकटची गोष्ट बघा. बंद पडताना नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवा. तो काटा बहुधा कॉइलकडूनच सिग्नल घेतो. कॉइलची वीज तुटली तर इंजिन अजून फिरत असतानाच काटा धाडकन शून्यावर येतो. पेट्रोल तुटलं तर इंजिनाबरोबर हळूहळू उतरतो. तुम्ही जे गचके सांगताय त्यावरून मला पेट्रोलचाच संशय येतो. ठिणगी गेली की इंजिन सहसा बटण दाबल्यासारखं गप्प होतं.

दुसरं, बंद पडल्या पडल्या चावी बंद करा, ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, मगच इंजिनाचं झाकण उघडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचून राहते. मग फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरची, ज्वाळा अडवणारी जाळी) काढून कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटल ढकला. पेट्रोलची पिचकारी उडाली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. काहीच आलं नाही तर वाटी कोरडी. फ्लेम अरेस्टर परत बसवल्याशिवाय स्टार्टर अजिबात मारू नका, बॅकफायर झाला तर आग लागेल.

वाटी कोरडी निघाली तर कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी दोन जागा बघा. एक ऑइल प्रेशर स्विच. इलेक्ट्रिक पंपाची वीज बऱ्याच इंजिनांत त्यातून जाते, आणि तो आतून गंजला की ऑइलचा दाब नीट असूनही पंप बंद पडतो. पंपाच्या वायरीवरून एक टेस्ट लॅम्प डॅशबोर्डपर्यंत आणा, गचके सुरू व्हायच्या आधी तो विझतो का बघा. दुसरी जागा टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची वाट. तो तुंबला की टाकीत निर्वात होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. न्यूट्रलमध्ये पेट्रोल कमी लागतं म्हणून तिथे कळत नाही. पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण सैल करून कान द्या.

गाडीची कॉइल एक वेळ चालेल, पण स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, फ्युएल पंप गाडीचे कधीच लावू नका. बोटीच्या पार्टमधून ठिणगी बाहेर पडू नये अशी सोय केलेली असते.

धागाकर्ता:

दादा, शतशः आभार! काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरला. वाटी कोरडी. झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली, आणि इंजिन लगेच चालू झालं.

बोटीच्या कडेला जो व्हेंट आहे तो काढून बघितला. आत वाळलेल्या मातीचा घट्ट बूच, आणि माती फोडल्यावर वाळके बारीक कोळी. कुंभारीण माशीने पावसाळ्यात घर केलं होतं! व्हेंटचा पाईपही मध्ये झोळासारखा लोंबत होता, तो सरळ वर चढवून बांधला. नंतर मुलं न घेता, मोठ्या माणसाला ओढून, बराच वेळ ३००० च्या वर चालवली. एकदाही गचका नाही. टेस्ट लॅम्प लावलेलाच आहे, तोही विझला नाही.

आता एवढंच विचारायचं आहे. पुढच्या पावसाळ्यात व्हेंटला टेप मारून ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद, मालवणहून:

टेप नको. ताडपत्रीखाली उन्हाने टाकी तापते, वाफेला वाट नसेल तर दाब चढतो आणि पेट्रोल जोडांतून झिरपतं. व्हेंटमध्ये मुळातच बारीक जाळी असते, ती फाटली असेल म्हणून माशी शिरली. जाळीसकट नवीन व्हेंट बसवा. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं आणि जुने रबरी पाईप मऊ करतं. पाईप दाबून बघा, चिकट किंवा फुगीर लागले तर मुलांना घेण्याआधी सगळे बदला.