हसू, हसं, हशा आणि खोच

मंडळी, एक मदत हवी आहे.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मुलांसाठी स्टँडअपची, म्हणजे माईकसमोर एकट्याने उभं राहून लोकांना हसवण्याची, एक छोटी कार्यशाळा घेते आहे. मुलं सादर करतात मराठीत, पण त्याबद्दल बोलायला लागली की सेटअप (विनोदाची आधीची मांडणी), पंच किंवा पंचलाइन (शेवटची हसवणारी ओळ), टॅग, कॉलबॅक. शब्द परके आहेत ही माझी तक्रार नाही. 'टायमिंग' तर आपल्या नाटकवाल्यांनी कधीच आपलंसं केलंय. अडचण 'पंच'ची आहे. पंच म्हणजे ठोसा, त्यामुळे मुलांना वाटतं की विनोद म्हणजे शेवटी जोरात मारायची गोष्ट. मग सगळा जीव शेवटच्या वाक्यात आणि आधीचं नुसतं भरताड. वाक्य जोरात येतं आणि खाली पडतं.

तर दोन प्रश्न. पंचलाइनला आपल्याकडे काही शब्द होता का? आणि स्टँडअपला 'एकपात्री' म्हटलेलं चालेल का?

डोंबिवलीहून

ताई, एकपात्री नको. त्या शब्दातच 'पात्र' आहे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे, आणि एकदा प्रयोग सुरू झाला की देशपांडे दिसेनासे व्हायचे. आवाज बदलला, उपरणं इकडचं तिकडे गेलं की समोर दुसरा माणूस. स्टँडअपमध्ये उलटं आहे. तिथे माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'मी' असतो. तो सांगतो ते सगळं खरं घडलेलं नसेलही, पण 'हे माझं आहे' असा करार प्रेक्षकांशी केलेला असतो. मध्ये आईची किंवा रिक्षावाल्याची नक्कल येते, पण तो लगेच स्वतःकडे परत येतो. पात्र झाला तर करार मोडतो.

नागपूरहून

आमच्याकडे शब्द आहे न! खडी गंमत. विदर्भातला जुना लोकनाट्याचा प्रकार. खडी म्हणजे उभी. स्टँडअपचं शब्दशः मराठी आधीच तयार आहे आणि तुम्ही इंग्रजीतून शोधून राहिले.

धागा काढणारी

दादा, वाचून एकदम आनंद झाला आणि लगेच मन मागे आलं. खडी गंमत हा शाहिरांचा, वाद्यांचा, नाच्याचा, अख्ख्या संचाचा प्रकार आहे. ती कला करणारी माणसं आजही आहेत. त्यांचं नाव उचलून माईकसमोरच्या एकट्या मुलाला दिलं तर उद्या शोधणाऱ्याला मूळ खडी गंमत सापडणारच नाही. मुलांना सांगेन मात्र नक्की. आपल्याकडे उभ्याने हसवण्याला नाव होतं, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

सांगलीहून

मग बतावणी घ्या. तमाशात वगाच्या, म्हणजे मुख्य नाट्याच्या, आधी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार जे बोलतात ती बतावणी. लिहिलेली नसायची. ज्या गावात फड उतरला तिथली खबर दिवसभरात काढायची, कोणाची विहीर आटली, पाटलाच्या घरी काय झालं, आणि रात्री ती बोलण्यात गुंफायची. समोर बसलेल्या माणसालाच गोष्टीत ओढायचं. तुमचे हे आजचे कलाकार पहिल्या रांगेतल्याला 'काय करता तुम्ही?' विचारतात, ते याहून वेगळं नाही.

शब्दाची गंमत बघा. मूळ 'बतावणे' म्हणजे सांगणे, दाखवणे. आज वर्तमानपत्रात हा शब्द कुठे भेटतो? 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास.' म्हणजे सांगण्यापासून निघालेला शब्द सोंगापर्यंत पोचला. स्टँडअपवाला नेमका त्याच दोन अर्थांच्या मध्ये उभा असतो. खरं सांगतोय असं दाखवतो आणि त्या दाखवण्याच्या आडून खरंच काहीतरी सांगून जातो.

धागा काढणारी

काका, हे मनापासून पटलं. बतावणी दोघांत होते एवढीच अडचण होती, पण स्टँडअपमध्ये प्रेक्षक हाच जोडीदार असतो असं म्हटलं तर तीही उरत नाही. सोंगाड्याच्या जोडीदाराचं काम हुंकार भरणं, प्रश्न विचारणं, अडवणं. इथे ते काम हसण्याने होतं.

कार्यशाळेसाठी टिपण लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, ती इथे मांडते. बरोबर आहे का सांगा. मराठीत 'हस' धातूपासून आलेले तीन शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांची अदलाबदल कधीच करत नाही. हसू, हसं, हशा.

हसू येतं. एकाला येतं, ओठांवर येतं, दाबताही येतं. हसं होतं. तेही एकाचंच, पण हसणारे दुसरे असतात. हशा पिकतो, आणि तो कधीच एकट्याचा नसतो. 'मला हशा आला' असं कोणी म्हणत नाही. खोलीत एकटं बसून तुम्ही कितीही खिदळलात तरी त्याला हशा म्हणता येणार नाही. जुन्या छापील भाषणांत कंसात '(हशा)' लिहिलेलं असतं, '(हसू)' कधीच नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाच्या निरीक्षणात माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतात असं दिसलं होतं. आपल्या व्याकरणाने त्या चारचौघांतल्या हसण्याला वेगळा शब्दच काढून ठेवलाय.

मला वाटतं स्टँडअपचं सगळं मर्म या तिघांच्या नात्यात आहे. मंचावर उभा राहणारा आपलं हसं होऊ द्यायला तयार असतो. माझं वजन, माझी नोकरी, माझा घटस्फोट, घ्या. पण ते हसं त्याच्या हातात असतं, त्याने स्वतः मोजून दिलेलं असतं. समोरच्या प्रत्येकाला आधी आपापलं हसू येतं, कारण ती फजिती त्याचीही असते आणि त्याने ती कोणाला सांगितलेली नसते. आणि आपल्याला आलेलं हसू शेजारच्यालाही आलंय हे कळतं त्या क्षणी त्याचा हशा होतो. त्या हशात सुटका असते: मी एकटा नव्हतो. ज्या दिवशी मंचावरच्याचा ताबा सुटतो त्या दिवशी नुसतं हसं उरतं. हे मी मंचासमोर बसून पाहिलं आहे, आणि पाहवत नाही.

नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितलेत. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. हास्याच्या कारणांच्या यादीत विकृत वेष आहे, असंबद्ध बडबड आहे आणि 'दोषोदाहरण'ही आहे, म्हणजे दोष दाखवणं. स्वतःचेच दोष दाखवून परस्थ हास्य निर्माण करायचं, हा आजच्या स्टँडअपचा मुख्य रस्ता.

पुण्याहून

तीन शब्दांचं एकदम मान्य. एक भर घालतो. 'पिकणे' या क्रियापदाकडे बघा. शेत पिकतं, आंबा पिकतो, कंडी पिकते. पिकण्याच्या आधी पेरणी असते आणि मध्ये वेळ जातो. ठोशाला वेळ लागत नाही. तुमच्या मुलांची गैरसमजूत नेमकी इथे आहे.

आता पंचलाइन. माझ्या आजोबांच्या पिढीत विनोद कळला नाही की विचारायचे, 'यातली खोच काय?' माझं मत 'खोच'ला. आपण पदर खोचतो, ओचा खोचतो, कागदाची घडी फटीत खोचून ठेवतो. खोचलेली गोष्ट अर्धी आत आणि अर्धी बाहेर असते. विनोदातली खोच तशीच. ती शेवटी उघडते, पण ठेवलेली असते आधी.

एक नमुना देतो. समजा, इमारतीत सूचना लागली आहे: 'लिफ्ट बंद आहे. तक्रार असल्यास पाचव्या मजल्यावर सेक्रेटरींना भेटावे.' हसू कशाचं येतं? 'पाचव्या मजल्यावर' या दोन शब्दांचं. पण 'लिफ्ट बंद आहे' हे आधी डोक्यात खोचलेलं नसेल तर ते दोन शब्द म्हणजे नुसता पत्ता. आणि लिहिणाऱ्याला यात काहीच विचित्र वाटलेलं नाही, हे ऐकणाऱ्याने स्वतः ओळखायचं. 'म्हणजे जिने चढून जायचं हो!' असं तुम्ही पुढे जोडलंत की संपलं. खोच उसवली.

आणखी एक, हे खास मराठीत बोलणाऱ्यांसाठी. आपलं क्रियापद शेवटी येतं. सूचनेतलं वाक्य लिहिलंय तसंच मंचावर म्हटलं तर 'पाचव्या मजल्यावर'नंतर 'सेक्रेटरींना भेटावे' एवढी शेपूट उरते आणि लोक हसायला लागतात तेव्हा तुम्ही अजून बोलत असता. म्हणून सांगणारा वाक्य फिरवतो: 'तक्रार आहे? भेटा सेक्रेटरींना. (थांबा.) पाचवा मजला.' बोली मराठीत ही फिरवाफिरव सहज चालते, कोणाला खटकत नाही. इंग्रजीतून विनोद शिकणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही, कारण इंग्रजी वाक्याची ठेवण वेगळी. कार्यशाळेत एक तास फक्त यावर द्या. आपण लिहिलेलं प्रत्येक वाक्य मुलांना तीन प्रकारे फिरवून म्हणायला लावा.

न्यू जर्सीहून

खोच शब्द कित्येक वर्षांनी वाचला. माझ्या मुलींना आमचे विनोद समजावताना मला जाणवलं की दोन जाती आहेत. एक कोटी. संस्कृत 'कोटि' म्हणजे टोक, धनुष्याचं टोक, आणि वादातली एक बाजूही. मराठीत ती शब्दाच्या टोकावर उभी असते. कोट्या करणाऱ्याला 'कोट्यधीश' म्हणतात तेव्हा त्यातच कोटी झाली. पण हे मुलींना इंग्रजीत सांगून दाखवा! शब्द बदलला की ती गेलीच. दुसरी जात प्रसंगाची. पाचव्या मजल्याचा विनोद मी आत्ता मुलीला इंग्रजीत सांगितला, ती हसली.

प्रसंगाचा विनोद किती जुना होऊ शकतो? ग्रीक भाषेत 'फिलोगेलोस' नावाचा विनोदांचा संग्रह आहे, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात. त्यात बडबड्या न्हावी गिऱ्हाइकाला विचारतो, 'कसे कापू?' गिऱ्हाईक म्हणतं, 'गप्प राहून.' संग्रहाच्याही आधी प्लुटार्कने हाच किस्सा मॅसिडोनियाच्या राजाच्या नावावर सांगितलाय. राजा गेला, किस्सा राहिला, कारण हात अडकलेल्या माणसाने ऐकून घ्यावंच लागतं ही अवस्था गेली नाही. आपल्याकडे 'बिनपाण्याने करणे' म्हणतात तेही त्याच खुर्चीतून आलेलं. रोस्टला, म्हणजे एखाद्याची मंचावर यथेच्छ टर उडवण्याला, शब्द हवा असेल तर हाच घ्या.

सांगलीहून

टिकण्याचाच विषय निघालाय तर परदेशात कशाला जायचं? एकनाथांचं भारूड घ्या. 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला.' सोळाव्या शतकातलं. मी लहानपणी जत्रेत ऐकलं, डोईवर पदर घेतलेला मिशीवाला माणूस सादर करत होता, आणि बायका डोळे पुसत हसत होत्या.

त्याची बांधणी नीट बघा. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला निर्दाळ. जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचं कार्टं किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. मरणाच्या मागण्या चालू असताना मध्येच खरूज! सगळ्यात मोठा हशा तिथे. सगळं वर चढत जाणार असं वाटत असताना एक पायरी मुद्दाम खाली. मग दादल्याची आहुती, 'मोकळी कर गे मला', आणि शेवटी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला. आणि या सगळ्याच्या बदल्यात देवीला काय? एक रोडगा. शेणीच्या आरात भाजलेली जाड भाकर. अख्खं सासर एका रोडग्याला.

धृपद परत परत का येतं? टाळकरी 'सत्वर पाव गे मला' उचलतात तेव्हा लोकांना हसून घ्यायला जागा मिळते आणि सांगणाऱ्याला दम घ्यायला. तुम्ही ज्याला टायमिंग म्हणता ते इथे बांधणीतच घातलंय. कच्चा सादर करणाराही त्यामुळे सावरतो.

आणि खोच 'मोकळी' या शब्दात आहे. सासुरवाशिणीला ऐकू येतं सासरातून मोकळी. वारकऱ्याला ऐकू येतं संसारातून, विकारांतून मोकळी. दोघंही एकाच वेळी हसतात, एकाच ओळीला, आणि दोघांचंही खरं असतं. नाथांनी हे समजावून सांगितलं असतं तर भारूड तेव्हाच संपलं असतं. ऐकणाऱ्याने भरायची जागा त्यांनी रिकामी ठेवली. चारशे वर्षं प्रत्येक सून ती जागा आपल्या सासरच्या माणसांनी भरते आहे. ट्रंक कॉल लागत नाही यावरचे विनोद आमच्या तरुणपणी धो धो चालायचे. त्यातली रिकामी जागा भरायला आज कोणाकडे ट्रंक कॉलच नाही.

धागा काढणारी

काका, 'खरूज'ची पायरी मी आजवर नुसती हसून पुढे गेले होते. कार्यशाळेची सुरुवात आता भारुडानेच करेन, आधी ऐकवून, मग ओळ ओळ फळ्यावर लिहून.

टिपणात एवढं घेते: स्टँडअप तसाच ठेवते, पण बतावणीची ओळख करून देऊन. पंचलाइनला खोच. टॅगला शेपूट म्हणावं असं वाटतं, खोच उघडल्यावर वर जोडलेली छोटीशी. टायमिंग आहे तसंच. पडलेल्या विनोदासाठी मुलांकडेच दोन झकास शब्द आहेत, पाणचट आणि फुसका, आणि त्यांतला फरकही त्यांना बरोबर कळतो: पाणी घालून वाढवलेला तो पाणचट, वात पेटूनही न उडालेला तो फुसका.

कॉलबॅक राहिलाच. आधी येऊन गेलेली गोष्ट अर्ध्या तासाने अचानक परत येते, त्याला काय म्हणू?

नागपूरहून

'धृपदावर येणं' म्हणा ना ताई. काकांनी वरती सांगितलंच आहे. फरक इतकाच की भारुडात धृपद येणार हे माहीत असते, अन् इथं लोक विसरून बसले असतात.