मदत हवी आहे: आईच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (मराठी टंकन, जुन्या फाँटातल्या फायली, प्रिंटर)

पाटपाणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आई चिपळूणला असते, मी पुण्यात. ती तिथल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचं काम बघते. सभेचं इतिवृत्त, पुस्तकखरेदीच्या याद्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवायची पत्रं, असं सगळं तिच्याच लॅपटॉपवर होतं. लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय३ चा आहे, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी फिरती हार्डडिस्क. विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि ११ यावर अधिकृतपणे चढत नाही. तसंही तो सुरू होईपर्यंत आईचा चहा होऊन कप विसळून होतो.

लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकावं असं डोक्यात आहे. मी स्वतः ऑफिसात उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) वापरते, त्यामुळे इन्स्टॉल करायची भीती नाही. अडचण आहे ती आईच्या सवयींची:

ती इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या कळरचनेत) टंकते, कीबोर्डकडे न बघता. एकही कळ इकडची तिकडे झालेली चालणार नाही.

वाचनालयाची कितीतरी जुनी इतिवृत्तं युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटांत आहेत. फाँट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, यूएसबीवाला. आणि काही अडलं तर मला पुण्यातून बघता आलं पाहिजे.

‘नवा लॅपटॉप घे’ हा सल्ला घरातून मिळून झालाय, तेव्हा तो सोडून बोला.

---

खुंटीवरची पिशवी

आधी एसएसडी (फिरत्या भागांशिवायची, वेगवान डिस्क) टाका, बाकीची चर्चा नंतर. फिरत्या डिस्कवर मिंट काय आणि दुसरं काहीही काय, चहाचा कप विसळायला वेळ मिळणारच. २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी पुरे. रॅमचा एखादा खण रिकामा असेल तर आणखी ४ जीबी घाला, पण दुकानात नुसतं ‘डीडीआर३’ सांगू नका. त्या पिढीला बहुधा कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, आत आहे त्या पट्टीवरचं लेबल वाचून घ्या.

यात एक आयता फायदा आहे. जुनी डिस्क पुसायचीच नाही. काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवा. विंडोज, फाँट, फायली सगळं जसंच्या तसं तिच्यात राहतं, आणि जमलंच नाही तर चार स्क्रू उघडून ती परत बसवता येते. आईंना हे आधी सांगा. परतीची वाट आहे म्हटलं की माणूस नव्या गोष्टीला कमी नाकं मुरडतो.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा तपासा. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. काही चिपांना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

---

अडगळ

४ जीबीवर सिनॅमन (मिंटचा नेहमीचा डेस्कटॉप)? त्यापेक्षा हलकं एक्सएफसीई घ्या. नाहीतर सरळ डेबियन, म्हणजे दुसरं लिनक्स.

---

खुंटीवरची पिशवी

@अडगळ, मिंटवाले स्वतःच किमान २ आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतात. रॅम खाणारा खरा राक्षस ब्राउझर आहे, तो एक्सएफसीईतही तेवढंच खाणार. रॅम वाढणार नसेल तर मात्र तुमचं बरोबर. डेबियन उत्तम आहे, पण चिपळूणला फोनवरून समजावायला मिंट सोपं. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे मधली काही वर्षं कुणी काही विचारणार नाही.

---

ओसरी

मराठीचं मी सांगतो, रोज त्यातच असतो.

इनस्क्रिप्ट येत असेल तर आयबस (टंकनपद्धती बदलणारं साधन) वगैरेच्या वाटेला जाऊच नका. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’ आहे, तिथे मराठी शोधा. ‘एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ आणि ‘कगप फोनेटिक’ असे दोन दिसतील, त्यातलं पहिलं घ्या. इंग्रजी-मराठी अदलाबदलीची कळ तिथेच पर्यायांमध्ये ठरवता येते. आईंना विंडोजमध्ये जी सवय आहे तीच ठेवा. आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागतं ते रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना, आयट्रान्स किंवा फोनेटिक पद्धतीसाठी.

आता लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डच्या जागचं मोफत साधन. इथे निम्मे लोक वैतागून परत जातात. त्यात देवनागरीचा फाँट इंग्रजीपेक्षा वेगळा साठवला जातो. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला टिक करा आणि भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या भागात ‘बेसिक फाँट्स (सीटीएल)’ नावाचं पान आहे, तिथे फाँट आणि आकार ठरवा. हे केलं नाही तर तुम्ही वरून कितीही १४ चा आकार ठरवा, आई नवीन फाइल उघडून मराठी लिहायला लागल्या की ते पुन्हा मूळ आकारातच उमटणार.

भाषा मराठी करायचं आणखी एक कारण. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी. काही फाँटांत दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा बघून निवडली जातात. भाषा हिंदी राहिली की पत्रात हिंदी ‘ल’ येतो. मराठीच्या माजी शिक्षिकेला तो चालत नाही (आमच्या घरी चालत नाही!). तिरो देवनागरी मराठी हा फाँट मराठी वळणं धरूनच केलेला आहे, छापील पत्राला छान दिसतो. पडद्यावर वाचायला मला ‘मुक्त’ नावाचा फाँट बरा वाटतो. दोन्ही फुकट आहेत.

---

पाटपाणी

@ओसरी, आईसुद्धा मराठीचीच शिक्षिका होती, तुम्हाला कसं कळलं! दोन शंका. एक, ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य कसा काढायचा? माझ्या उबुंटूवर मी काहीही केलं तरी ‘वार्यावर’ येतं. दोन, तिच्या वर्डच्या फायली मी लिब्रेऑफिसात उघडल्या तर दोन पानांचं पत्र तीन पानांचं झालं.

---

ओसरी

ऱ्य: शिफ्ट दाबून जे, म्हणजे नुक्ता असलेला ऱ. मग डी, म्हणजे हलन्त. मग तिरप्या रेघेची कळ, म्हणजे य. आईंची बोटं हे आपोआप करत असतील, तुम्हीच त्यांना विचारा.

पानं वाढतात कारण मूळ पत्र मंगल किंवा निर्मला यूआय मध्ये आहे. ते मायक्रोसॉफ्टचे फाँट, लिनक्सबरोबर येत नाहीत. लिब्रेऑफिस दुसरा फाँट लावतं, त्याच्या ओळींची उंची वेगळी. नवीन पत्रं नव्या फाँटात करा आणि बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा, म्हणजे समोर कुठला संगणक आहे याची काळजी नको.

जुन्या इतिवृत्तांचं जपून करा. जुनी डिस्क काढण्याआधी, विंडोज चालू असतानाच, त्या सगळ्या फायलींच्या पीडीएफ करून ठेवा. ते जुने फाँट देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवतात, त्यामुळे फाँट गेला की मजकूर वाचता येत नाही. फाँटच्या फायलीही विंडोजच्या फाँट फोल्डरमधून उचलून ठेवा. लिनक्सवर होम फोल्डरात ‘.फाँट्स’ नावाचं (रोमनमध्ये, सुरुवातीला टिंब) फोल्डर करून त्यात टाकल्या की जुन्या फायली बहुतेक नीट दिसतात. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा आणि रफार, जोडाक्षरं हमखास चुकतात. सगळी इतिवृत्तं बदलत बसू नका. ज्यातून अजून काही उतरवून घ्यावं लागतं तेवढीच बदला आणि आईंकडून तपासून घ्या.

---

शाईफेक

प्रिंटर: १०२० चालतो. एचपीलिप नावाचं पॅकेज लागतं, मिंटमध्ये सहसा आधीच असतं. पण या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) टिकत नाही, दर वेळी वीज दिली की संगणकाने ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीचं बंद स्रोताचं प्लगिन वेगळं उतरवायचं. टर्मिनलमध्ये एचपी-प्लगिन (रोमनमध्ये, मध्ये छोटी रेघ) टंकलं की तेच विचारत जातं. इंटरनेट चालू ठेवा.

पुढे एचपीलिपचं मोठं अपडेट आलं आणि प्रिंटर गप्प झाला तर हेच पुन्हा करा. प्लगिनची आवृत्ती एचपीलिपशी जुळावी लागते.

---

कोपऱ्यातली खुर्ची

थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. माझ्याकडे विंडोज आणि मिंट एकाच डिस्कवर आहेत. मिंटमधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली का?

---

खुंटीवरची पिशवी

बॅटरी ठणठणीत आहे. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. टर्मिनलमध्ये ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ द्या (अर्थात रोमनमध्ये). आणि विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजचं विभाजन मिंटमध्ये नुसतं वाचता येईल, लिहिता येणार नाही.

@पाटपाणी, तुमचा शेवटचा मुद्दा राहिला. रस्टडेस्क (दूरच्या संगणकाचा ताबा घेता येणारं साधन) टाका आणि कायमचा पासवर्ड ठरवून ठेवा. लॉगिनच्या पडद्यावर सत्र ‘वेलँड’चं (पडदा हाताळायच्या नव्या पद्धतीचं) निवडू नका, नेहमीचंच राहू द्या, दूरच्या ताब्याला ते कमी कटकटीचं. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. मात्र ते प्रणाली मागे नेतं, आईंच्या फायली त्यात मुळात धरलेल्या नसतात. इतिवृत्तांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर हवीच.

आणि सजावट कमी करा. अक्षरं १.२ पट, पट्टी थोडी उंच, टचपॅडवर टिचकीने क्लिक. वेब ॲप्स नावाच्या साधनातून बँक आणि व्हॉट्सॲपची चिन्हं समोर आणा. थीम, डॉक, हलणारी वॉलपेपरं तुमच्या लॅपटॉपवर करा.

---

पाटपाणी

एसएसडी मागवली. पीडीएफचं काम आईनेच सुरू केलंय, १९९९ सालच्या फोल्डरपासून. ऱ्य तिला विचारला, तर म्हणाली, ‘एवढंही येत नाही?’ वेब ॲप्सची चिन्हं जोडायचं लक्षात ठेवते.

एकच राहिलं. वाचनालयाच्या अध्यक्षांची सही असलेले कागद स्कॅन करावे लागतात. स्कॅनर वेगळा आहे, जुना सपाट काचेचा, त्याच्यावरचं नाव पुसलं गेलंय. काय तपासू?

---

शाईफेक

तो जोडा आणि टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ द्या, यादीत त्याचा आठ आकड्या-अक्षरांचा ओळख क्रमांक दिसेल. तो सेन प्रकल्पाच्या (लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या) यादीत शोधा, चालतो की नाही तिथे मॉडेलनुसार लिहिलेलं आहे. नाही सापडला तर क्रमांक इथे टाका.