वायर मेश केबल ट्रेला एका पावसाळ्यात गंज, बदलू की वाचवता येईल?

नमस्कार मंडळी,

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, बहुतेक कामं रत्नागिरी आणि आसपासची. सध्या तीन मजली कमर्शियल बिल्डिंगचं काम हातात आहे. खाली उघडं पार्किंग, मग दुकानं, वर ऑफिसं. गच्चीवरून समुद्र दिसतो, इतका जवळ.

केबलसाठी वायर मेश ट्रे, म्हणजे केबल ठेवायला तारेच्या जाळीचे ट्रे, घेतले. ३०० मिमी रुंद, ५ मिमीची तार, ५० बाय १०० मिमीचे चौकोन, दर दीड मीटरला थ्रेडेड रॉड आणि चॅनेलचा आधार. बेंड, टी वेगळे मागवावे लागत नाहीत, बोल्ट कटरने तारा कापून जागेवरच वळण काढता येतं, म्हणून पोरंही खूश होती. मे महिन्यात सगळं वर चढवलं. पावसात काचांची कामं रखडली. गणपतीनंतर शिडी लावून बघतो तर जिथे जिथे तार कापली होती, त्या प्रत्येक टोकाला तांबूस गंज. बोट फिरवलं की बोटाला लागतो. तारांच्या वेल्डवर पांढरी भुकटी. पार्किंगच्या लाइनीत तर कपलरचे नटसुद्धा लाल झालेत. वर ऑफिसच्या पॅसेजमध्ये खिडक्या लागल्या होत्या, तिथे फक्त कापलेली टोकंच खराब आहेत.

बिल काढून पाहिलं, 'इलेक्ट्रो गॅल्व्हनाइज्ड' लिहिलंय. मी ऑर्डर देताना नुसतं 'जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) मेश ट्रे' म्हटलं होतं, जस्त कसं चढवलेलं हवं ते सांगितलंच नाही. चूक माझीच.

केबल अजून ओढलेल्या नाहीत. मालक म्हणतात रंग मारून टाका, फॉल्स सीलिंगच्या वर कोण बघणार आहे. मला ते पटत नाही, तिथे पुढची वीस वर्षं केबल राहणार. पावडर कोटिंग करून घेतलं तर चालेल का? मल्टिमीटरवर जॉइंटची कंटिन्युइटी (जोड विजेला सलग असणं) येते आहे, तेवढ्यावर अर्थिंग ठीक समजू का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

दादा, केबल ओढायच्या आधी विचारलंत ते बरं झालं. इलेक्ट्रो प्लेटिंगचा जस्ताचा थर अगदी पातळ असतो, तो माल कोरड्या, बंद जागेसाठी. पार्किंगची लाइन उतरवाच. तिथे बनवून झाल्यावर हॉट डिप केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, माल घ्या, ५ मिमी जाडीला सरासरी ७० मायक्रॉनच्या आसपास थर मिळतो. खारा वारा थेट येत असेल तर एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील), पण मग नट-बोल्टही एसएसचेच. जस्त चढवलेले लावलेत तर तेच आधी जातील.

ऑफिसच्या पॅसेजमधले ट्रे वाचतील. टोकं वायर ब्रशने साफ करा, कानसीने धार घालवा, मग झिंक रिच पेंटचे (भरपूर जस्त असलेला रंग) दोन हात. धार राहिली तर कॅट सिक्स (नेटवर्कची केबल) हिचं आवरण ओढतानाच सोलतं.

पावडर कोटिंग नको, जॉइंटला धातूला धातू लागत नाही. आणि मल्टिमीटरवर विसंबू नका, मिलिओहम त्याला दिसत नाहीत. केबल ट्रेच्या आयईसी ६१५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे रोध जॉइंटला ५० मिलिओहमच्या आत आणि ट्रेच्या दर मीटर लांबीला ५ मिलिओहमच्या आत हवा. इतका कमी रोध मोजणारा मायक्रोओहममीटर भाड्याने आणा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पार्किंगची लाइन उद्याच उतरवतो. मालकांना तो गंजलेला नट हातात देऊनच बोलेन. रीडिंग घेतली की इथेच टाकतो.